ख्रिस्ती नसलेल्या माणसांशी प्रेमानं आणि दमानं कसं वागायचं: रोजच्या जगण्यातलं सविस्तर गाईड

चर्चमधल्या तरुण संघाच्या सभेत हा प्रश्न दर काही महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. ऑफिसमधले, कॉलेजमधले, सोसायटीतले सगळे मित्र हिंदू नाहीतर बौद्ध नाहीतर मुसलमान, मग त्यांच्याशी वागायचं कसं, सारखी साक्ष द्यायची, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल सांगत राहायचं, का गप्प बसायचं, प्रसाद दिला तर काय करायचं, आणि आपल्याच घरात कुणी विश्वासात नसेल तर काय. उत्तर बहुतेक वेळा "प्रेमाने वागा" एवढ्यावर संपतं, सगळे आमेन म्हणतात आणि चहाला जातात. चहा छान असतो, पण सोमवारी लिफ्टमध्ये शेजारच्या काकू भेटल्या की त्या आमेनचा फारसा उपयोग होत नाही.

म्हणून जरा तपशिलात लिहितेय. मी प्रोटेस्टंट, मूळची नगर जिल्ह्यातली, आता पिंपरी-चिंचवडला राहते आणि संडे स्कूल घेते, त्यामुळे उदाहरणं तिकडचीच येणार. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक वाचकांना काही गोष्टी वेगळ्या वाटतील, त्यांनी आपल्या मापानं घ्याव्यात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक साधारण १० लाख ८० हजार होते, म्हणजे एक टक्कासुद्धा पूर्ण भरत नाही. तेव्हा चर्चमध्ये आपण ज्यांना "बाहेरचे" म्हणतो ते म्हणजे आपला दूधवाला, डॉक्टर, मुलांच्या टीचर, आणि खूप जणांच्या बाबतीत सख्खा मामासुद्धा.

पायरी १: आधी स्वतःचा हेतू तपासा

ही पायरी बोअरिंग वाटते म्हणून लोक सोडून देतात, पण पुढचं सगळं हिच्यावरच उभं आहे.

स्वतःला एकच प्रश्न विचारायचा. हा माणूस आयुष्यात कधीच चर्चची पायरी चढणार नाही हे आज मला पक्कं कळलं, तरी मी त्याच्यासाठी हे करीन का? त्याच्या आईला दवाखान्यात डबा नेईन का, त्याच्या मुलीला फुकट इंग्लिश शिकवीन का? उत्तर "हो" असेल तर बिनधास्त करा. उत्तर अडखळत येत असेल तर तो डबा म्हणजे गळाला लावलेलं आमिष आहे, आणि लोकांना ते लगेच कळतं, आपल्याला वाटतं तेवढे लोक भोळे नसतात.

बायबलमधल्या लूकच्या १७ व्या अध्यायात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. दहा जण बरे झाले, आभार मानायला परत आला एकच, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परकाच. बाकीचे नऊ कुठे आहेत असं येशूनं विचारलं जरूर, पण त्यांचं बरं झालेलं अंग काही परत घेतलं नाही. ह्या गोष्टीवर आपल्याकडे उपदेश होतो तो बहुतेक कृतज्ञतेवर होतो. मला मात्र त्या नऊ जणांचं जास्त वाटतं, कारण रोजच्या आयुष्यात आपली गाठ त्यांच्याशीच पडते.

हेतू साफ झाला की धीर आपोआप येतो असं मी म्हणणार नाही, पण निम्मा ताण नक्की जातो. "इतकं केलं तरी हे लोक काही बदलत नाहीत" ही चिडचिड बंद होते, कारण बदलायचा हिशोब मांडलेलाच नसतो.

पायरी २: घरातली भाषा सुधारा

आपण बाहेर गोड बोलतो आणि घरात जेवताना शेजाऱ्यांना "जगिक लोक", "अंधारातले", "दगड पुजणारे" म्हणतो. पोरं ऐकत असतात. मग दुसरीतलं पोर शाळेत जाऊन डबा खाता खाता मित्राला सांगतं की तुझा देव खोटा आहे, मित्र रडत घरी जातो, त्याची आई शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर लिहिते आणि मग आपण म्हणतो की बघा, आमच्यावर कसा अन्याय होतो.

येशूचा संदेश गावोगावी सांगत फिरणाऱ्या पौलाचं बघा. अथेन्समध्ये मूर्तींनी भरलेलं शहर बघून त्याचा जीव आतून जळत होता, प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. पण बोलायला उभा राहिला तेव्हा सुरुवात केली ती "तुम्ही लोक देवधर्माच्या बाबतीत फार तत्पर आहात" अशी, आणि पुढे त्यांच्याच कवीची ओळ सांगितली. त्याहून मला १९ वा अध्याय आवडतो. इफिसात अर्तमी देवीवरून दंगा पेटला, आणि लोकांना शांत करायला उभा राहिलेला शहराचा अधिकारी म्हणतो, ह्या माणसांनी ना देऊळ लुटलंय ना आपल्या देवीची निंदा केलीय. म्हणजे पौलाचे सोबती तिथे इतके दिवस देवाबद्दल बोलत होते आणि तरी त्यांनी देवीला शिव्या घातल्या नाहीत ही ग्वाही विश्वासात नसलेला माणूस भर सभेत देतोय. आपल्या सोसायटीच्या चेअरमननं आपल्याबद्दल एवढं म्हटलं तरी पुष्कळ झालं.

करायचं काय, तर घरात एक नियम: जे त्या माणसाच्या तोंडावर बोलता येणार नाही ते त्याच्या धर्माबद्दल डायनिंग टेबलवरही बोलायचं नाही. मुलांना शिकवायचं की आपण येशूला मानतो, ते गणपतीला मानतात, तुला प्रश्न पडला तर मला घरी विचार, मित्राची परीक्षा घेऊ नको.

पायरी ३: सणवार, प्रसाद, वर्गणी (सगळ्यात जास्त गोंधळ इथेच)

नवराबायकोनं, मोठी मुलं असतील तर त्यांनीही, एकदा बसून ठरवून टाकायचं की आपण काय घेणार, काय नाही, कुठे जाणार, कुठे नाही. दारात वर्गणीवाली पोरं उभी असताना आतल्या खोलीत कुजबुज करून ठरवलं की हमखास घोळ होतो.

बायबलमध्ये ह्याबद्दल खरं तर बरंच मोकळं लिहिलंय. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १० व्या अध्यायात पौल म्हणतो की विश्वासात नसलेल्यानं जेवायला बोलावलं आणि तुम्हाला जावंसं वाटलं तर जा, वाढतील ते खा, चौकशा करत बसू नका. पण कुणी सांगितलं की हे नैवेद्याचं आहे, तर ते खाऊ नका. आता ह्यावरून आपल्यातच दहा मतं आहेत. काहीजण दिवाळीचा फराळ आणि तिळगूळ आनंदानं घेतात पण सत्यनारायणाचा शिरा घेत नाहीत, काहीजण तोही हातात घेऊन बाजूला ठेवतात, काहीजण अजून कडक आहेत. मी स्वतः पहिल्या गटातली. पण रोमकरांस पत्राचा १४ वा अध्याय ह्याच भांडणासाठी लिहिलाय, त्यामुळे दुसऱ्या विश्वासी माणसानं काय खाल्लं ह्याची तपासणी आपण करू नये, निदान शेजाऱ्यांसमोर तरी नाही.

प्रश्न नाही म्हणण्याचा नसतोच, कसं म्हणतो त्याचा असतो. आमच्या मजल्यावरच्या एका काकूंकडे सत्यनारायण होता, त्या वाटीत शिरा घेऊन स्वतः आल्या. समोरच्या ख्रिस्ती वहिनी दारातच म्हणाल्या, "काकू, प्रसाद मी घेत नाही हो, राग मानू नका, पण चहा टाकतीये, तुम्ही आत या." काकू म्हणाल्या, "अगं माहितीये मला, पण तुझ्या पोरांना आवडतो म्हणून पूजेच्या आधी वेगळा काढून ठेवला होता." तो शिरा पोरांनी खाल्ला. वहिनींनी तिथे मूर्तिपूजेवर दोन वाक्यं जरी ऐकवली असती तर ती वाटी आणि ते दार दोन्ही बंद झालं असतं. एक वाक्य, हसून, कारणं न देता, आणि लगेच दुसरं काहीतरी पुढे करायचं: चहा, पाणी, "बसा ना", काहीही.

काही नेहमीचे प्रसंग भराभर सांगते.

गणपतीची वर्गणी: मूर्तीसाठी द्यायची नसेल तर महाप्रसादाच्या जेवणाला, रक्तदान शिबिराला, मुलांच्या बक्षिसांना द्या आणि तसं पोरांना सांगा, बहुतेक मंडळांना चालतं. रिकाम्या हातानं पाठवू नका, आणि "आमच्यात चालत नाही" म्हणून दार तर अजिबात लावू नका. मंडपात खुर्च्या लावायला, पार्किंग सांभाळायला, विसर्जनाच्या दिवशी पाणी वाटायला माणसं कमीच पडतात, तिथे आपलं पोर उभं राहिलं तर कुणाच्या विवेकाला धक्का लागत नाही.

आरती चालू असताना पोचलात: मागे शांत उभे राहा. मोबाईल काढू नका, तोंड वेडंवाकडं करू नका. झालं.

हळदीकुंकू: संक्रांतीनंतर बोलावणं येतंच. कुंकू लावून घ्यायचं नसेल तर आधीच फोनवर सांगा, "मी येते, गप्पा मारायला येते, फक्त कुंकू नको लावू," म्हणजे चार बायकांत तिचीही पंचाईत होत नाही आणि तुमचीही.

आता उलट बाजू, जिथे आपण फारच कमी विचार करतो. नाताळला आपण ताटं पाठवतो, करंज्या, चकल्या, केक. केकमध्ये अंडं असतं. शाकाहारी घरी द्यायचा तर एगलेस वेगळा आणा किंवा करा, वेगळ्या डब्यात ठेवा आणि देताना स्वतःहून सांगा, त्यांना विचारावं लागू नये. जैन घरात कांदा, लसूण, बटाटा चालत नाही, तिथे सरळ सुका मेवा किंवा फळं. मुसलमान शेजाऱ्यांकडे रम किंवा वाईन घातलेला प्लम केक चुकूनही नको, आणि बिर्याणीला बोलवायचं असेल तर मटण हलाल दुकानातून आणा आणि त्यांना तसं सांगा, किंवा कुठून आणू ते त्यांनाच विचारा, विचारलेलं त्यांना आवडतं. कुणाचा उपवास, कुणाचा रोजा, कुणाची चतुर्थी हे कॅलेंडरवर बघायला अर्धा मिनिट लागतो. आणि शेजाऱ्यांचा डबा आला तर तो रिकामा परत करायचा नाही, हे तर आपल्या आज्यांनीच शिकवलंय.

पायरी ४: आवाज आणि पार्किंग

हसू नका, ख्रिस्ती लोकांबद्दल शेजाऱ्यांची सगळ्यात मोठी तक्रार धर्माची नसतेच, ती घरसभेच्या आवाजाची असते. टू बीएचकेमध्ये तीस माणसं, गिटार, कहोन (बसून वाजवायचा लाकडी खोका), वरून मोठ्यानं प्रार्थना, आणि खाली गेटसमोर आडव्यातिडव्या लावलेल्या गाड्या. खालच्या मजल्यावरच्या आजोबांचं बीपी वाढतं आणि आपण त्याला छळ म्हणतो.

घरसभा असेल तर दोन दिवस आधी वरच्या, खालच्या आणि समोरच्या घरी सांगून या: अमुक वेळेला सुरू, अमुक वेळेला बंद, त्रास झाला तर सरळ बेल वाजवा. आणि ती वेळ पाळा. लाऊडस्पीकरला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत ती सगळ्यांना सारखी आहे, त्यामुळे मंडळाचा डीजे मोजायचा आणि आपल्या उपवास-प्रार्थनेचा माईक विसरायचा असं करता येत नाही. डीजेचा खरंच त्रास झाला तर पहिला फोन पोलिसांना नको, मंडळातल्या ओळखीच्या पोराला करा. ओळखीचं पोर नसेल तर ती तिसऱ्या पायरीची उधारी समजा.

कॅरल पार्टी, म्हणजे नाताळची गाणी गात घरोघर फेरी, काढताना कुणाच्या दारात थांबायचं ते आधी विचारून ठेवा. ज्या घरात सुतक आहे तिथे गिटार घेऊन जाऊ नका, निदान चौकशी तरी करा.

पायरी ५: मदत करताना

अडीअडचणीत आपली माणसं पटकन धावतात, हे आपल्यात खरंच चांगलं आहे. मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल १८९४ पासूनचं, मिशनरी डॉक्टरनं काढलेलं, आणि तिथे बरे होऊन गेलेल्यांत बहुसंख्य लोक ख्रिस्ती नव्हते आणि नंतरही झाले नाहीत. ते तसंच असायला हवं होतं.

नियम साधा ठेवा: मदत आणि धर्म ह्यांची एकमेकांना अट नको. किराणा दिला त्याच पिशवीत धर्मप्रसाराची पत्रिका टाकू नका. ज्याला किराणाची गरज आहे त्याला पत्रिका नको म्हणायची सोय नसते, आणि नेमकं म्हणूनच ते चुकीचं आहे. दवाखान्यात प्रार्थना करावीशी वाटली तर आधी विचारा, आणि असं विचारा की नाही म्हणणं सोपं जाईल: "मी तुमच्यासाठी घरी प्रार्थना करतेच, इथे करू का? नको असेल तर काहीच हरकत नाही." "नको" आलं तर विषय संपला, खुर्ची ओढून बसा, औषधं आणायची असतील तर आणा, क्रिकेटचा स्कोअर सांगा. आयसीयूतल्या माणसाला किंवा नुकतंच कुणी गेलेल्या घराला नरकाबद्दल बोलणं ही साक्ष नाही, तो हिशोब देवाकडे आपल्याच नावावर लागेल असं मला वाटतं.

मुलांच्या बाबतीत दुप्पट काळजी. इथे स्वतः ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंची गोष्ट सगळ्यांनी माहीत करून घ्यावी. त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं, विधवांना आणि मुलींना शिकवायचं, आणि धर्माच्या बाबतीत कुणावर जबरदस्ती नाही असं ठरलेलं. रमाबाई स्वतःची प्रार्थना करायच्या, काही मुली आपण होऊन येऊन बसायच्या, आणि १८९३ मध्ये त्यावरून पुण्यात प्रचंड गदारोळ झाला, रानडे आणि भांडारकरांसारखी पाठीशी उभी असलेली माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पालकांनी मुली काढून घेतल्या. रमाबाईंची बाजू मला मनापासून पटते, आपल्याच घरात आपण दार लावून का प्रार्थना करायची. पण ज्या बापानं विश्वासानं पोरगी सोपवली होती त्याला काय वाटलं असेल तेही समजतं. आपल्यापुरतं एवढं घ्या: शेजाऱ्यांची मुलं समर कॅम्पला, नाताळच्या नाटकाला, संडे स्कूलला येणार असतील तर आईबापांना आधी, स्वतः भेटून, तिथे काय काय होणार ते सगळं सांगा. गाणी, गोष्ट, प्रार्थना, खाऊ, सगळं. "कॅम्प आहे" एवढंच सांगून पोरांना नेऊ नका.

कायद्याचंही थोडं माहीत असू द्या. संविधानाच्या २५ व्या कलमात धर्म मानायचा, आचरायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क आहे. पण १९७७ च्या स्टेनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क त्यात येत नाही. ह्या निकालावर नाराज असलेले बरेच आहेत, असू देत, पण तेवढी मर्यादा तर शेजारी म्हणूनही मला रास्तच वाटते.

पायरी ६: आपल्याच घरातले लोक

सगळ्यात अवघड. बाहेर शंभर जणांशी गोड वागणारा माणूस घरात आईशी देवघरावरून भांडतो.

कवी रेव्हरंड टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचं उदाहरण आपल्याकडे नेहमी दिलं जातं, पण अर्धंच. ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो बायकोला न सांगता. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं, पुढची काही वर्षं त्या माहेरच्या माणसांत वेगळ्या राहिल्या. नंतर टिळकांकडे परत आल्या तेव्हाही सोवळंओवळं, वेगळा स्वयंपाक, वेगळं पाणी हे सगळं चालूच होतं. टिळकांनी "आता तू पण" असं म्हणून तो स्वयंपाक मोडला नाही. सोवळं लक्ष्मीबाईंनी आपलं आपणच सोडलं आणि १९०० मध्ये स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला. टिळक स्वभावानं काही थंड नव्हते, चांगले तापट होते, संसाराचं भान तर विचारूच नका, हे लक्ष्मीबाईंनी स्वतःच हसत हसत लिहून ठेवलंय. म्हणजे धीर धरायला संतांचाच स्वभाव लागतो असं नाही. पण पहिला भाग गाळू नका: न सांगता केल्यानं त्या बाईनं जे भोगलं ते भोगलंच. त्यामुळे कुणी नवीन विश्वासात आलेला मुलगा मला विचारतो की घरी कधी सांगू, तर मी म्हणते, दुसऱ्याकडून कळायच्या आधी सांग.

तुम्ही घरात एकटेच विश्वासी असाल तर देवघराला हात लावू नका, ते तुमचं नाही. पूजा करायची नसेल तर नका करू, पण पूजेच्या दिवशी बाजारातून सामान आणणं, पाहुण्यांची भांडी घासणं, आजीला देवळाच्या दारापर्यंत सोडणं ह्याला काय अडचण आहे? पूर्वी पूजेच्या दिवशी जेवढं काम करत होतात त्याच्यापेक्षा थोडं जास्तच करा, नाहीतर घरच्यांना एवढंच दिसतं की धर्म बदलला आणि हा कामातून सुटला. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या ३ ऱ्या अध्यायात विश्वासात नसलेल्या नवऱ्यांबद्दल बायकांना सांगितलंय की शब्दांवाचून, वागण्यानं त्यांचं मन जिंका. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ७ व्या अध्यायात पौल सांगतो की विश्वासात नसलेला जोडीदार राहायला राजी असेल तर त्याला सोडू नका. मात्र मारहाण करणाऱ्या नवऱ्याकडे "सहन कर, तो विश्वासात येईल" म्हणून बाईला परत पाठवणारे सल्लागार माझ्या डोक्यात जातात. हे वचन त्यासाठी नाही.

मयताच्या वेळी काय? वडील गेले आणि तुम्ही विधी करणार नसाल तर धाकट्या भावाशी, चुलत्यांशी आधी बोलून ठेवा, स्मशानात वाद नको. खांदा द्या. लाकडं, गाडी, दाखला, आलेल्यांचं चहापाणी, हे सगळं अंगावर घ्या. दहाव्याला मागे उभे राहा. आईजवळ रात्री कोण झोपणार हा प्रश्न पिंडापेक्षा मोठा असतो आणि बहुतेक घरांत तो कुणीच विचारत नाही.

आमच्या नगरकडे अजून एक गोष्ट आहे जी चर्चमध्ये फारशी बोलली जात नाही. कित्येक घरांची अर्धी भावकी ख्रिस्ती आणि अर्धी बौद्ध, पणजोबा एकच. १४ एप्रिलला चुलत्यांकडे जयंती, ६ डिसेंबरला काही जण दादरला, आणि आपण तेव्हा नाताळच्या गाण्यांच्या प्रॅक्टिसला. जयंतीला जा, बाबासाहेबांना हार घालताना कुठली अडचण येते ते मला तरी कळलेलं नाही. आणि तिथे "तुम्ही लोक देव मानत नाही" हा वाद काढू नका, ते नाताळला बिर्याणी खायला येतात तेव्हा ते काढत नाहीत.

पायरी ७: कुणी टोमणा मारला, अपमान केला तर

"किती पैसे मिळाले?" "तांदळाचे ख्रिस्ती." "बाटगे." हे ऐकलं नसेल असं मराठी ख्रिस्ती घर सापडणं कठीण. पिढ्यानपिढ्या ऐकून कातडी जाड होते पण आतून दुखतंच.

तिथल्या तिथे तीन प्रकार ओळखायला शिका. काहीजण खरंच माहीत नसल्यामुळे विचारतात, त्यांना साधं उत्तर द्या: "नाही हो, पैसे नाही मिळाले, आजोबांच्या गावात मिशनची शाळा होती, तिथून सुरू झालं, या एकदा सांगते." काहीजण चार लोकांत हशा पिकवायला बोलतात, तिथे तुम्हीही हसून "मिळाले असते तर फ्लॅटचे हप्ते फिटले असते ना" म्हणा आणि विषय बदला. तिसरे चिडवून तुमच्याकडून काहीतरी वाकडं वदवून घ्यायला बघतात, त्यांना उत्तरच नको. "आपण नंतर बोलू" म्हणून उठा. आपल्या आशेचं कारण सांगायला तयार असा पण सौम्यतेनं आणि आदरानं, असं पेत्र म्हणतो, त्यातला पुढचा अर्धा भाग आपल्या वादपटूंना पाठ नसतो.

सोसायटीच्या किंवा शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर धर्मांतराचा फॉरवर्ड आला तर ग्रुपवर निबंध लिहायचा नाही, रात्री तर मुळीच नाही. ज्यानं टाकला त्याला दुसऱ्या दिवशी फोन, किंवा त्याहून बरं म्हणजे खाली भेटून, "दादा, ते वाचून जरा वाईट वाटलं, आम्ही तुमच्या समोरच राहतो ना." बहुतेकांनी न वाचताच पुढे ढकललेलं असतं.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, झालेल्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा धर्मगुरू म्हणून त्यांना विरोध झाला. तरी संमेलन झालं, त्यांनी अध्यक्षपद भूषवलं, आणि पाठिंबा देणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेली मराठी माणसंच जास्त होती. ते काही एका दिवसात घडलेलं नव्हतं. हरित वसईच्या लढ्यात पाणी आणि शेती वाचवायला हा माणूस वर्षानुवर्षं सगळ्या धर्माच्या लोकांबरोबर रस्त्यावर होता, मराठीत लिहीत होता.

आणि हो, धीर म्हणजे मार खात बसणं नव्हे. धमकी आली, सभेत घुसून कुणी हात उचलला, मुलीचा पाठलाग झाला, तर पोलिसांत जा, तक्रार लेखी द्या, पोच घ्या, फोटो आणि मेसेज जपून ठेवा, पाळकसाहेबांना आणि ओळखीच्या वकिलाला कळवा. फिलिप्पै शहरात पौलाला बेकायदा फटके मारून गुपचूप सोडून देत होते तेव्हा त्यानं आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं आणि अधिकाऱ्यांना स्वतः यायला लावलं. मनात क्षमा आणि हातात तक्रारीची पोच, दोन्ही एकाच वेळी ठेवता येतं.

पायरी ८: घ्यायलाही शिका

आपल्याला देणारं व्हायला आवडतं, कारण त्यात आपण वर असतो. पण योहान ४ मध्ये येशू शोमरोनी बाईकडे आधी पाणी मागतो. ज्या समाजाशी यहुदी व्यवहारच ठेवत नव्हते त्या समाजातल्या बाईकडे. महाराष्ट्रात हे वेगळं समजावून सांगायची गरजच नाही, चवदार तळ्याचं पाणी घ्यायला १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, आणि आपल्यातल्या पुष्कळांच्या आज्यांना विहिरीवर वरून ओंजळीत ओतलेलं पाणीच मिळालंय. त्यामुळे मागणं सोपं नसतं. तरी मागा. गॅस संपला तर काकूंकडून पोळ्या करून आणा, आजारी पडलात तर त्यांना खिमट पाठवू द्या, मुलाच्या ॲडमिशनबद्दल वरच्या मजल्यावरच्या सरांचा सल्ला घ्या.

ऑपरेशनच्या आधी कुणी म्हणालं, "मी तुझ्यासाठी गणपतीला साकडं घातलंय" किंवा "दुआ करतोय", तर त्या क्षणी दुरुस्ती करायला जाऊ नका. हात धरून "थँक्यू काकू" म्हणा. त्यांनी त्यांच्याकडची सगळ्यात मोठी गोष्ट दिलीय.

मग बोलायचं कधी? कुणी मनापासून विचारेल तेव्हा. विचारतात लोक, वर्षांनीसुद्धा विचारतात, बहुतेक करून स्वतःच्या घरात काही झालं की, आणि बहुतेक वेळा जिन्यात किंवा पार्किंगमध्ये, तुम्ही घाईत असताना. तेव्हा थांबा, जेवढं विचारलं तेवढंच सांगा, माहीत नसेल तिथे माहीत नाही म्हणा, आणि पुढच्या रविवारचं आमंत्रण लगेच चिकटवू नका.

शेवटी प्रार्थनेच्या ग्रुपबद्दल, कारण हे कुणी सांगत नाही. शेजाऱ्यांसाठी रोज प्रार्थना करा, नाव घेऊन करा, पण घरात. "आमच्या बी विंगमधल्या अमुक ताईंचा नवरा दारू पितो, त्यांच्या तारणासाठी प्रार्थना करा" हे दोनशे माणसांच्या प्रेयर ग्रुपवर टाकू नका. ताईंनी ते तुम्हाला जिन्यात रडत सांगितलं होतं, आणि त्या दोनशे जणांत त्यांच्याच ऑफिसमधलं कुणीतरी असतं. टाकायचंच असेल तर आधी ताईंना विचारा, नाहीतर नाव, विंग आणि आजार तिन्ही गाळून लिहा.